धक्का कोण देणार

५ जानेवारी १९८६, रविवार

आज धनपाल फटफटी मागायला आला. धनपाल माझा धाकटा दीर. बल्लारपूरच्याच पेपर मिलमध्ये कामाला आहे, दोन गल्ल्या सोडून राहतो. सोबत बायको होती, विशाखा. लग्नाला अजून वर्ष व्हायचं आहे.

फटफटी म्हणजे माझ्या नवऱ्याची, देवरावची बी.एस.ए. लढाईच्या काळातली, लष्कराच्या लिलावातून घेतलेली. देवराव गेला त्या दिवाळीपासून ती पडवीत तरटाखाली उभी आहे. अधूनमधून मी तरट काढते, फडकं मारते, पुन्हा झाकते. लोकांना वाटतं, विकायची म्हणून जपते.

धनपाल म्हणाला, "वैनी, मार्चमंदी आलापल्लीले शर्यत आहे. जुन्या गाड्यांचीच, सन साठच्या आदल्या. नागपूर, हैदराबादचे लोक येऊन राह्यले. दादाची गाडी तिथी धावली पाह्यजे का नाई, तुमीच सांगा."

"आन् शर्यत झाल्यावर कुठी राहीन?"

तो बायकोकडे पाहू लागला. ती म्हणाली, "बाई, इथी पडून पडून गंजूनच राह्यली ना. आमच्याकडं आली त रोज चालन तरी."

ने, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माझ्या हातचं जेवून मोठा झालेला दीर. तरट काढलं. धनपाल चाकं दाबून पाहत होता, तेवढ्यात ती पोरगी मागच्या सीटवर चढून बसली. पाय एका बाजूला सोडून, एक हात पुढे हवेत धरून, जणू पुढे कोणी बसलं आहे आणि त्याच्या खांद्यावर हात आहे. म्हणाली, "मस्त आहे जी. गादीवानी."

गादीसारखी असणारच. तिच्यातला काथ्या मी भरला आहे. वरचं रेक्झिन मी शिवलं, शिवताना सुई मोडली ती माझ्या बोटात मोडली. पोहे केले होते, ते त्यांना वाढले.

९ जानेवारी, गुरुवार

फटफटी गेली. पडवीत तेलाचा काळा डाग राहिला आहे. आज सारवताना तेवढी जागा सोडली.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगितली तर लोक हसतील. ती गाडी सकाळच्या गारव्यात किकेने कधी लागलीच नाही. देवराव म्हणायचा, मॅग्नेटो म्हातारा झाला, ठिणगी टाकायला कुरकुर करतो. मग तो सीटवर बसून हाक द्यायचा, "वच्छे, दे." मी चुलीपुढून उठायची, पदर खोचायची आणि मागे जाऊन उभी राहायची.

नुसत्या जोराने ती लागत नाही. आधी गिअर टाकून मागे ओढायची, इंजिन अडेपर्यंत. मग पळत ढकलायची. देवराव क्लच सोडायचा, त्याच क्षणी मी पोटावर अख्खी सीटवर पडायची. वजन पडलं नाही तर मागचं चाक मातीत घासत जातं, फिरत नाही. वजन पडलं की फट्, फट्, आणि सुरू. देवराव थांबायचा नाही, थांबला तर बंद पडेल. मागे पाहायचा नाही. नुसता डावा हात वर करायचा. माझ्या संसाराच्या सगळ्या सकाळी अशा झाल्या. आदल्या रात्री भांडण झालेलं असो, मला ताप असो.

पोट राहिलं तेव्हा बंद केलं होतं. तरी पाचव्यात गेलं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाई म्हणाली, आधीच्या ढकलण्याने असं होत नाही. सासू म्हणाली, त्यानेच झालं. देवराव नंतर सकाळी गल्लीतल्या पोरांना हाक मारू लागला. ते मला पाहवेना. एके दिवशी मी पोरांना हाकलून लावलं आणि स्वतः मागे उभी राहिले. तो म्हणाला, "नको ना वच्छे." मी म्हणाले, "गिअर टाका."

पुन्हा काही राहिलं नाही.

तेव्हा मला या फटफटीचाच मत्सर वाटायचा. घरी आला की आधी तिच्याशी बोलायचा, तिच्या कानाशी कान लावायचा. आता ती नाही तर पडवी मोठी दिसते.

१९ जानेवारी, रविवार

शर्यतीचा नियम कळला. गाड्या ओळीत उभ्या करायच्या, इंजिन बंद. झेंडा पडला की ढकलून चालू करायच्या. एकेका गाडीमागे एक माणूस चालतो. धनपालच्या मागे विशाखा राहणार. शर्यतीच्या समितीतला कोणीतरी त्याला म्हणाला म्हणे, नवरा-बायकोची जोडी असेल तर पेपरात फोटो येईल. धनपाल हे मला असं सांगत होता जणू मला आनंदच होणार.

आमची गल्ली सरळ आहे म्हणून सराव माझ्याच दारात. विशाखाने साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली, कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं आणि ढकललं. धनपालने क्लच सोडला. चाक घासत गेलं. धुळीत सापासारखी रेघ उठली. दादाची गाडी सुरू व्हायची तेव्हा धनपाल अंथरुणात असायचा, आमचं ढकलणं त्याने कधी नीट पाहिलंच नाही.

"अवं, जोर लाव ना."

"लावून त राह्यली. तूच उतरून पाहा."

"मी उतरलो त क्लच तुहा बाप सोडन?"

"माह्या बापाले सायकल आहे. तो कोणाले धक्का मागत नाई."

गल्ली हसली. पुन्हा केलं, पुन्हा घासत गेली. शेजारच्या भागीरथाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "वच्छलाबाई, तुमी काऊन नाई सांगत तिले? तुमाले त जमे."

"मले कोनी विचारलं नाई," मी म्हणाले.

खरंच विचारलं नव्हतं. शेवटी गल्लीतल्या चार जणांनी मिळून ढकलली. आज रात्री जेवण चांगलं गेलं.

२ फेब्रुवारी, रविवार

धनपालने टाकी लाल रंगवून आणली. देवरावची काळी होती, कडेला एक पिवळी रेघ, ती त्याने स्वतः कोंबडीच्या पिसाने ओढली होती. लाल टाकी पाहून मला देवरावच्या अंगावर दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटलं. म्हणाले, "छान आहे." विशाखाची पसंती आहे ती. तिच्या पोलक्याचाही तोच रंग. पोलकं मीच शिवलं आहे, मागच्या महिन्यात. तिची कंबर बारीक आहे.

सराव पुन्हा फसला. पोरगी एकदाच ढकलून पायरीवर येऊन बसली. पेट्रोलचा वास सहन होत नाही म्हणे. कोपऱ्यात जाऊन ओकली आणि तोंड धुऊन माझ्या बरणीतली चिंच खात बसली, मीठ लावून. बोटं चाटत. एवढं खाते आणि अंगात जोर नाही. मला तर वाटतं, मेहनत चुकवायचे नखरे आहेत. नवऱ्याने पाणी आणून दिलं, ते बसल्या जागी प्याली. देवरावने मला पाणी दिल्याचं आठवत नाही. मीही कधी मागितलं नाही म्हणा.

आज मात्र तिने विचारलं. चिंचेची बी थुंकून म्हणाली, "बाई, तुमी कशा करत होत्या? दादाचं त एका धक्क्यात सुरू होये म्हन्ते सगळे."

मी म्हणाले, "जोर लावत होती. आनखी काय?"

तिने बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "माह्यात तेवढा जोर नसन."

"नसन," मी म्हणाले.

लिहिताना वाटतं, दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मागे ओढ, मग पोट टाक. नाही सांगितलं. तिला सीट मिळाली, टाकी मिळाली, फोटो मिळणार. एवढं माझ्याकडे राहू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाणार नव्हते. धनपालला तसं सांगितलंही. बुद्धविहाराच्या वाचनालयातून प्रवासवर्णनाचं जाड पुस्तक आणलं आहे, त्यात हिमालय आहे, तो घरबसल्या होतो. पण भागीरथाबाई आल्या आणि म्हणाल्या, "बरं केलं. बाईमानसानं कायले जावं? विशाखा जाऊन राह्यलीच ना, ती सांगन येऊन."

ती सांगणार. देवराव लाकडाच्या ट्रकांची दुरुस्ती करायला महिन्या-दोन महिन्यांनी आलापल्लीला जायचा. चार-चार दिवस राहायचा. आला की कपड्यांना सागवानाच्या भुशाचा वास. मला एकदाही नेलं नाही. मी म्हणायची, मलाही दाखवा. तो म्हणायचा, "तिथी काय आहे? झाडंच त आहेत." आणि आता ती झाडं विशाखा मला सांगणार, माझ्याच पडवीत बसून, माझीच चिंच खात.

धनपालला निरोप पाठवला की मी येते.

१ मार्च, शनिवार. आलापल्ली

फटफटी आणि धनपाल काल लालसूच्या ट्रकवर पुढे गेले. लालसू हा इथला माडिया माणूस, पूर्वी बल्लारपुरात देवरावच्या हाताखाली मेकॅनिकचं काम शिकला, आता लाकडाच्या ट्रकवर आहे. निघताना भागीरथाबाईंनी चाकाखाली ठेवायला लिंबू आणलं. धनपाल म्हणाला, "आमच्यात नाई चालत, काकू." मग लिंबाचं सरबत केलं.

आम्ही दोघी जावा आज एस.टी.ने आलो, गोंडपिपरीवरून. तिला खिडकी हवी होती. खिडकीतून दोनदा ओकली. तिचं तोंड मीच पुसलं, कारण बाजूला मीच होते. पळस फुलला आहे, रस्ताभर पेटल्यासारखा. ती म्हणाली, "बाई, किती सुंदर." मी म्हणाले, "झाडंच त आहेत."

नाक्यावर चहाचं दुकान आहे, गिरजाबाई म्हणून एकीचं. साठीची आहे, समोरचे दात नाहीत. धनपालने माझी ओळख करून दिली तशी ती पदराला हात पुसत पुढे आली.

"देवरावभाऊची बाई तुमी? होय का? बिनसाखरेचा, आलं जास्त. माह्या ध्यानात आहे."

घरी तो दोन चमचे साखर घ्यायचा. मला एवढ्या म्हातारीचाही राग आला. कोण ही, माझ्या नवऱ्याच्या चहाला दुसरी चव लावणारी?

ती बोलतच होती. "फटफटी तिथी लावे, त्या उतारावर. भर पावसात बी तिथीच. मी म्हनो, भाऊ, छपराखाली घे ना. त म्हने, नाई गिरजाबाई, माहा धक्का बल्लारपूरले रायते. इथी उतारच पाह्यजे." आणि ती बोळकं तोंड उघडून हसली. "आमी त तुमाले धक्काच म्हनो. काय देवरावभाऊ, धक्का कसा आहे घरी? तब्येत बरी आहे धक्क्याची?"

विशाखाही हसली. मी चहा संपवला आणि उतार पाहायला गेले. साधा उतार आहे, मुरुमाचा. खाली मोहाचं एक झाड.

हे त्याने चहावालीला सांगितलं. मला कधी सांगितलं नाही.

२ मार्च, रविवार. आलापल्ली

संध्याकाळ झाली आहे. लालसूच्या अंगणात बाजेवर बसून लिहिते आहे.

सकाळी नाक्यापासून पुढचा रस्ता बंद केला होता. सागवानातून वळसा घेऊन परत नाक्यावर, अशा तीन फेऱ्या. कडेला माणसंच माणसं, झाडांवर पोरं. नागपूरच्या बायका घडीच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, डोळ्यांवर काळे चष्मे, मांडीवर थर्मास. नवऱ्यांच्या अंगात चामड्याचे कोट. एक जण आपल्या बायकोकडून हेल्मेटचा पट्टा आवळून घेत होता, मान वर करून, लहान मुलासारखा. मी तिकडे पाहिलं नाही. पुन्हा पाहिलं.

गाड्या खरंच देखण्या होत्या. नॉर्टन, ट्रायंफ, मॅचलेस. आमची लाल टाकीची त्यांच्यात लग्नाला आलेल्या गरीब नातेवाइकासारखी. पण मला तीच चांगली दिसली.

धनपाल शर्यतीचा शर्ट आणायला समितीच्या टेबलाकडे गेला होता. लालसू विशाखाला म्हणाला, "वैनी, मले धनपालभाऊ सांगून राह्यला, चाक घासते म्हने. तुमी वजन नाई टाकत का?"

"कसलं वजन?"

"अवो, क्लच सुटला का पोट टाकाचं सीटवर. धाडकन. सगळं अंग. मोठ्या वैनी तसंच करत होत्या ना. मी किती डाव पाह्यलं." आणि त्याने करून दाखवलं, धाडकन, सीटची स्प्रिंग वाजली.

विशाखाने आधी सीटकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रागाने पाहील असं वाटलं, कारण मी तिला सांगितलं नव्हतं हे आता उघडं पडलं होतं. पण तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आणि हात पोटावर गेला होता. कळ आल्यावर धरतात तसा नाही. झाकतात तसा.

चिंच. ओकारी. पायरीवर बसणं. मला सगळं एकदम दिसलं. इतके दिवस समोर होतं आणि मी तिची कंबर मोजत होते.

लालसू गेल्यावर विचारलं, "कितवा?"

"तिसरा लागला."

"धनपालले?"

"नाई सांगितलं. त्याले सांगितलं असतं त तो आलाच नसता. वर्षभर हेच बोलून राह्यला, दादाची गाडी, दादाची गाडी." मग खाली पाहून म्हणाली, "आन् तुमच्यासमोर कसं सांगू? तुमाले वाईट वाटन म्हून."

ते मला चाबकासारखं लागलं. माझी कीव. ही चोवीस वर्षांची पोरगी, जिला मी जोर नाही म्हणून मनात हसत होते, ती महिनाभर मला जपत होती. आणि मला वाईट वाटलंच. खूप वाटलं. खोटं कशाला लिहू. सीटचं काय, टाकीचं काय, ते सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. माझ्या अंगातून काहीतरी ओढून काढून हिला दिल्यासारखं वाटलं.

ती म्हणाली, "बाई, मी हळूच टाकीन वजन. नुसतं असं."

"हळू टाकून ती लागत नाई," मी म्हणाले. "धक्का मी देते."

समितीच्या टेबलावर जाडसर माणूस होता. म्हणाला, "इथे धनपालची पत्नी असं लिहिलंय. फोटोवाले विचारतायत."

"बदला. वच्छला लिहा."

धनपाल धावत आला. "वैनी, हे काय? विशाखा देऊन राह्यली ना."

"नाई."

"पर काऊन?"

विशाखा त्याच्या मागे उभी होती, डोळ्यांनी नको नको म्हणत होती. मी म्हणाले, "फटफटी माही आहे. धक्का मी देईन, नाई त गाडी घरी."

सगळ्यांसमोर म्हणाले. धनपालचा चेहरा उतरला. खुर्चीवरल्या बायका पाहू लागल्या. गिरजाबाई किटली घेऊन आली होती, तिने ती खाली ठेवली. "एवढी काय जळते?" मागून कोणीतरी हळू म्हणालं. मी ऐकलं. त्यांना जे वाटलं ते बरोबरच होतं. मला तो धक्का हवाच होता. पहिल्या दिवसापासून हवा होता. आता नुसतं कारण मिळालं.

ओळीत उभ्या राहिलो. सगळ्या गाड्यांमागे पुरुष, मी एकटी बाई, पांढरं लुगडं खोचून. सगळीकडे एकदम शांत झालं. अशी शांतता मी कधी ऐकली नाही, इतकी माणसं आणि इंजिन एकही नाही, वर फक्त सागाची वाळलेली पानं. धनपाल मान फिरवून काहीतरी म्हणणार होता. मी म्हणाले, "मागे नको पाहू. गिअर टाक." आम्ही ती मागे ओढली, अडेपर्यंत.

झेंडा पडला.

पायांना सगळं आठवत होतं. पळत गेले, क्लचचा टक् आवाज आला आणि मी पडले. सीट पोटाला लागली. तोच काथ्या. एकदा अडली, हुंकारली, आणि फट्, फट्, फट्. मी बाजूला झाले. शेजारची नॉर्टन अजून ढकलतच होते. आमची सगळ्यात आधी सुटली. धनपाल वाकून गेला, हात वर नाही, काही नाही. त्याला कसं ठाऊक असणार.

मी गुडघे टेकून धुळीत बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या असं विशाखा सांगते. मला फक्त तो आवाज जाताना ऐकू येत होता, लांब, लांब, वळणापर्यंत.

पहिल्या फेरीला तो तिसरा आला. दुसऱ्या फेरीला आलाच नाही. एकेक गाडी गेली, तिसरी फेरी संपली, लाल टाकी नाही. विशाखाने माझा हात धरला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. "बाई, काऊन नाई आला? बाई, बोला ना." आणि मी, तिला धरून उभी असताना, हे सुद्धा मनात आणलं: हिला वाट पाहायला माणूस तरी आहे. त्या वाट पाहण्याचाही मला हेवा वाटला. असं कोणाला वाटतं का, माहीत नाही.

मग वळणावर तो दिसला. चालत होता. साखळी तुटली होती, गळ्यात हारासारखी घातली होती आणि फटफटी ढकलत आणत होता, एकटा, घामाने काळा झालेला. बाकीच्यांची बक्षिसं चालली होती. विशाखा पळाली. मी ओरडले, "पळू नको." तेवढ्या एका वाक्याने धनपालला कळलं की काय, तो तिथेच थांबला, गाडी धरून, आमच्या दोघींकडे पाहत.

एक गोष्ट मनातून जात नाही. महिन्याभरापूर्वी ती विचारत होती तेव्हा मी सांगितलं असतं, तर दर रविवारी ही पोरगी धाडकन पोट टाकत राहिली असती. मी सांगितलं नाही ते जळून. त्या जळण्याने ती वाचली असेल तर त्याचं पुण्य मला नको. ते मी घेऊ शकत नाही.

६ मार्च, गुरुवार. बल्लारपूर

गल्लीत आता वेगळंच चाललं आहे. भागीरथाबाई सगळ्यांना सांगतात, वच्छलाबाईनं लोकांचं बोलणं सोसलं पण पोरीला झळ लागू दिली नाही. काल तर विहारातही कोणी म्हणालं, वच्छलाबाईंचं मन मोठं आहे.

आलापल्लीला लोक म्हणाले मी जळते, ते खरं होतं. इथे म्हणतात मी त्याग केला, ते निम्मंसुद्धा खरं नाही. विशाखाच्या पोटाकडे पाहिलं की अजून आत चटका बसतो. मुंगीचा नाही, विंचवाचा. तरी मी तिच्यासाठी मऊ जुन्या लुगड्याची चार दुपटी शिवली. चटका बसतो आणि हात चालतात. दोन्ही होतं.

परवा धनपाल नवी साखळी घालून फटफटी घेऊन आला, पडवीत लावली, वर तरट टाकू लागला. म्हणाला, "वैनी, तुमची आहे. इथीच राहू द्या."

"तुही आहे," मी म्हणाले. "रोज घेऊन जा, कामावर जा. रात्री मात्र इथी राहीन."

"रोज इथी येऊ सकाळी?"

"दोन गल्ल्या आहेत. आलापल्ली नाई."

तो हसला. मग कानामागे खाजवत म्हणाला, "आन् धक्का?"

"मी आहे ना."

तेव्हापासून रोज येतो. टाकीवर पिवळी रेघ ओढून द्या म्हणाला, कोंबडीचं पीस मी आणून ठेवलं आहे.

२५ मार्च, मंगळवार

काल लालसू बल्लारपूरला ट्रक घेऊन आला होता. धनपालने बोलावलं होतं म्हणे. पडवीत बसून मॅग्नेटो उघडला, आतलं वेटोळं नवीन घालून आणलं होतं ते बसवलं, किकेच्या सांध्याला आणि दांडीला ताजं ग्रीस फासलं. मग हाताने दाबून किक मारली, लागली. बंद केली, पुन्हा मारली, पुन्हा लागली. "वैनी, आता शेंबडं पोरगं बी चालू करन," म्हणाला. मी त्याला चहा केला, आलं घालून. त्याला वाटलं मी खूश झाले. जाताना धनपालला दादा कसा निघायचा ते दाखवून गेला, डावा हात वर करून.

रात्री तेच डोक्यात होतं. चांगलंच झालं म्हणा. माझेही गुडघे दुखतात.

आज सकाळी धनपाल आला तेव्हा मी मुद्दाम मागच्या अंगणात भांडी घासत बसले, राख जोरजोरात चोळत, म्हणजे किकेचा आवाज कानावर पडायला नको. आवाज आला नाही. बरीच भांडी झाली. मग हाक आली.

"वैनी, लागून नाई राह्यली जी. द्या बरं."

बाहेर आले. तो सीटवर बसलेला, दोन्ही पाय जमिनीवर. गाडी गिअरमध्ये टाकून, अडेपर्यंत मागे ओढून ठेवलेली. किकेच्या दांडीवरचं ग्रीस काल लालसूने फासलं तसंच होतं, चकचकीत, बुटाचा कुठे ठसा नाही. विशाखा रस्त्याच्या कडेला त्याचा डबा धरून उभी होती आणि पदर तोंडात कोंबून हसत होती. तिला हल्ली कशाचंही हसू येतं.

मी पदर खोचला. पळाले, पडले, लागली. धनपालने मागे पाहिलं नाही. डावा हात वर केला.

लालसू एवढा हुशार म्हणवतो, पण मॅग्नेटोचं काम त्याने काही नीट केलेलं दिसत नाही.